स्मशानभूमीचा रिव्ह्यू, ४ स्टार

हसू नका, खरंच लिहितोय, कारण ऐन वेळी कुणाला काही माहीत नसतं. गेल्या महिन्यात काकांना घेऊन गेलो होतो, गावाचं नाव टाकत नाही. विद्युतदाहिनी चालू होती हे आधी सांगतो, नाहीतर तिरडी दारात आल्यावर "बंद आहे, लाकडावर घ्या" ऐकावं लागतं. डॉक्टरांचा दाखला, आधारची झेरॉक्स, दहा मिनिटांत पास हातात. ट्रॉली आत ढकलायच्या आधी तिथला माणूस आपणहून थांबला, काकूला म्हणाला, मावशी, तोंड बघून घ्या एकदा. घाई नाही की पैशाची अपेक्षा नाही.

एक स्टार कापला तो नावासाठी. बोर्डावर नुसतं अमुकधाम, स्मशान शब्दच नाही, आणि आमचे दोन पाहुणे रिक्षाने थेट त्याच नावाच्या मंगल कार्यालयात, तिथे हळद चालू! नाशिकला तर अजून मजा, अमरधाम म्हणजे स्मशान आणि नाशिकरोडचं मुक्तिधाम म्हणजे देऊळ, नवख्या माणसाने करायचं काय. पुण्यात निदान वैकुंठ म्हटलं की सगळ्यांना कळतं. आत्या आपली सरळ "मसणवट्यात कधी निघायचं" विचारत होती तर चुलतभाऊ तिच्यावरच डाफरला, शुभ बोल म्हणे.

आता मसण म्हणजे श्मशानच, प्राकृतात मसाण होऊन आपल्याकडे आलेलं, पुढे मसणात जा वगैरे शिव्यांत गेलं म्हणून वाईट वाटतं एवढंच. आणि मूळ श्मशानाचा अर्थ यास्काने निरुक्तात, म्हणजे वेदातल्या शब्दांचे अर्थ सांगणाऱ्या जुन्या ग्रंथात, दिलाय तो बघा, श्म म्हणजे शरीर, ते जिथे झोपतं ती जागा. आजचे भाषाशास्त्रज्ञ सगळे हे मानत नाहीत, पण शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातलं श्मशान सुद्धा अस्थींवर रचलेला मातीचा उंचवटा आहे. म्हणजे ह्या व्युत्पत्तीत जाळण्याचं नावच नाही! क्रिमेटोरियम मात्र लॅटिनमधल्या जाळण्यावरून, आपली दाहिनी पण दह् धातूवरून. मग लपवायचं काय तर झोपायची जागा??

असो. अस्थी दुसऱ्या दिवशी सकाळी आठनंतर, पास दाखवून. मडकं आणि वर बांधायला फडकं घरून न्या, तिथे मिळत नाही. आणि रिक्षावाल्याला स्मशानभूमीच सांगा.