सॉयर स्क्वीझ: थंडीत जपावा लागणारा फिल्टर

पानगळीच्या दिवसांत डोंगरातल्या तळ्यावर जाऊन संध्याकाळपर्यंत परतायचे असेल, तर दिवसभराचे पाणी पाठीवर वाहण्याची गरज नाही. वर पोचेपर्यंत पुरेल एवढे घ्यावे आणि तळ्यावर भरावे. त्यासाठी सॉयर स्क्वीझ हा पिशवीत पाणी भरून, ती पिळून वापरायचा फिल्टर आम्ही निःशंक सुचवू. वजन सुमारे ८५ ग्रॅम, छिद्रे ०.१ मायक्रॉनची. जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडकतात. विषाणू आणि विरघळलेली रसायने मात्र आरपार जातात.

साचलेल्या पाण्यात पिशवी भरणे हीच पहिली कटकट. वाहत्या ओढ्यात ती चटकन फुगते, तळ्यात बुडवली तरी चपटीच राहते. पेला किंवा कापलेल्या बाटलीचा तळ जवळ ठेवा, त्याने पाणी ओता. काठाशी कुजलेली पाने आणि गाळ असतो, त्याने फिल्टर लवकर तुंबतो. तळ्याला मिळणारा झरा दिसला तर तिथलेच पाणी घ्या. पाण्यावर निळसर-हिरवी साय असेल तर ते भरूच नका, तिच्यातले विष हा फिल्टर रोखत नाही.

थंड पाणी दाट असते, त्यामुळे धार मुळातच बारीक पडते. फिल्टर तुंबला असे वाटून लोक जोर लावतात आणि पिशवीची शिवण जाते. पिशवी गुंडाळत हळूहळू दाबा.

सगळ्यात जपायचे ते गोठण्यापासून. एकदा ओला झालेला फिल्टर कधीच पूर्ण कोरडा नसतो. आतले पाणी गोठून फुगले की पाणी गाळणारे आतले पोकळ तंतू तडकतात. बाहेरून काहीही दिसत नाही, पाणीही छान येत राहते, पण ते गाळलेले नसते! घरी खात्रीने तपासण्याचा उपाय नाही, म्हणून गोठल्याची शंका आली तरी तो फिल्टर बाद करा. आदल्या रात्री गाडीत ठेवू नका. चालताना झिपच्या पिशवीत घालून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात नको.

परतल्यावर सोबतच्या पिचकारीने स्वच्छ पाणी उलट्या दिशेने जोरात सोडा, गढूळपणा जाईपर्यंत. बरेच दिवस पडून राहिलेला फिल्टर निघण्याआधी कोमट पाण्यात भिजवा. ६० अंशांहून गरम पाणी चालत नाही. पिशवी लावायच्या तोंडातला रबरी वॉशर सहज निसटतो आणि मग सांध्यातून गढूळ पाणी स्वच्छ बाटलीत ठिबकते. एक जादा वॉशर जवळ असू द्या.