डेकवर शेकोटी की अंगणात? दमट हवेतल्या घरांसाठी चार पर्यायांची तुलना

अलिबाग, दापोली, कर्जत, लोणावळा या बाजूच्या घरांपुढे लाकडी डेक आणि जोडीला फायर पिट करून घ्यायचं असेल, तर आधी कॅलेंडर समोर ठेवा. शेकोटी पेटते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उरलेले आठ महिने ती नुसती पडून असते आणि त्यातले चार महिने पावसात. लोणावळ्यात हा पाऊस वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. म्हणून निवड करताना आधी हे आठ महिने बघायचे, ज्वाळा नंतर.

खरी अडचण अशी की उष्णता आणि ओलावा उलट गोष्टी मागतात. उष्णतेपासून फळ्या वाचवायच्या तर त्यांच्यावर फरशी, विटा किंवा अग्निरोधक चटई घालून त्या झाकाव्या लागतात. ओलाव्यापासून वाचवायच्या तर त्या उघड्या, वारा खेळता ठेवाव्या लागतात. झाकलेल्या फळीखालचं पाणी जुलैत सुकतच नाही, बुरशी धरते, लाकूड भुसभुशीत होतं. हेच कुजकं लाकूड एप्रिलपर्यंत खडखडीत वाळलं की ठिणगी पटकन धरतं आणि ज्वाळा न दिसता आतल्या आत तासन् तास धुमसतं. "आमच्याकडे हवाच इतकी दमट, डेक काय पेटतोय" हा भरवसा म्हणूनच धोक्याचा आहे. खालचे चारही पर्याय याच कसोटीवर लावले आहेत.

अंगणात, डेकपासून सुटी

जागा असेल तर हाच पर्याय घ्या. दगड-विटांचा गोल खड्डा, आतून तीन फूट व्यासाचा, डेकच्या कडेपासून किमान 10 फूट लांब, जमल्यास 15. अमेरिकेतला इंटरनॅशनल फायर कोड उघड्या लाकडी शेकोटीला इमारतीपासून 25 फूट सोडायला सांगतो. आपल्या आवारात तेवढं अंतर क्वचितच मिळतं, पण ठिणगी किती लांब जाऊ शकते याचा त्यावरून अंदाज येतो.

दिशाही महत्त्वाची. किनाऱ्यावर संध्याकाळी वारा समुद्राकडून येतो आणि रात्री उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शेकोटी डेकच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला बांधली, तर या दोन्हींपैकी एका वेळी धूर आणि ठिणग्या डेकवर येणारच. हिवाळ्यातल्या वाऱ्याचा कल उत्तरेकडचा असल्यामुळे साधारणपणे दक्षिणेची बाजू बरी पडते. घाटात मात्र दरी आणि उतार वाऱ्याला वळवतात. तिथे दोन-तीन रात्री त्या जागी थोडा पाला धुमसवून धूर कुठे जातो ते पाहा आणि मगच आखणी करा.

बांधकामात बहुतेकांची चूक दगडात होते. कोकणात हाताशी जांभा असतो आणि गवंडी तोच लावतो. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळाभर पाणी पितो. त्याच्यापुढे जोराचा जाळ केला की आतल्या पाण्याची वाफ होऊन टवके उडतात. नदीतले गोटे आणखी वाईट, ते फुटून तुकडे अंगावर येऊ शकतात. शहाबादी, कडप्पा या थरांच्या फरशा तापल्या की थर सुटतात. बाहेरून जांभा हवा तर खुशाल लावा, पण आतून भट्टीच्या विटांचं (फायर ब्रिकचं, साध्या भाजलेल्या विटांचं नव्हे) अस्तर हवंच. बाजारात आयएस 8 म्हणून मिळणारी, 230 × 115 × 75 मिलिमीटरची वीट घ्या. सांधे फायर क्लेच्या मसाल्याने, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे भरा. साध्या सिमेंटचा सांधा काही पेटवण्यांतच भुगा होतो. अस्तर आणि बाहेरचा दगड यांत बोटभर पोकळी सोडा, म्हणजे तापून फुगलेली वीट बाहेरच्या भिंतीला ढकलणार नाही.

तळाला काँक्रीट ओतू नका. सहा ते आठ इंच 20 मिलिमीटरची खडी भरा, तिच्यावर भट्टीच्या विटा मसाल्याशिवाय नुसत्या मांडा. जांभ्याच्या मातीत पाणी बऱ्यापैकी मुरतं. काळ्या चिकण मातीत किंवा अखंड कातळावर मुरत नाही, तिथे खडीच्या तळातून उताराकडे निचऱ्याचा पाइप काढा. खड्ड्याखालचा तुकडा जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) घ्या, पीव्हीसी बाहेर गेल्यावर जोडा. निचरा नसेल तर पावसाळ्यात डासांची पैदास तिथेच होईल.

डेकमध्ये कापलेली चौकट

डेकच्या मधोमध मोकळी चौकट सोडून जमिनीतून वर आणलेला चौथरा दिसायला सगळ्यांत सुंदर असतो, पण करायला सगळ्यांत अवघड. चौथऱ्याचा पाया स्वतंत्र हवा. त्याचं वजन डेकच्या सांगाड्यावर अजिबात येता कामा नये. चार फूट बाहेरचा व्यास, नऊ इंची भिंत, सोळा इंच उंची एवढं वीटकाम पाचशे किलोच्या पुढे जातं, म्हणजे दर चौरस मीटरला साडेचारशे किलोहून जास्त. घरगुती डेक सहसा 200 ते 300 किलो धरून केलेले असतात.

अशा चौकटीत लाकूड जाळू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. चौथऱ्याभोवती तीन फुटांचा दगडी पट्टा सोडला तरी ठिणग्या त्यापलीकडे फळ्यांवर पडतात. फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरच्या फटी असतात. त्यातून निखारा खाली गेला तर खाली साठलेला आंब्याचा पाला किंवा सुरूच्या काड्या त्याची वाटच पाहत असतात. वरच्यांना पत्ता लागेपर्यंत आग सांगाड्यापर्यंत पोचते. चौकट करायचीच असेल तर गॅस बर्नर लावा, लाकडी कडा बर्नर बनवणाऱ्याने सांगितलेल्या अंतरावर आणि कमीत कमी दीड फूट मागे ठेवा, आणि डेकखालची माती झाकून खडी पसरा म्हणजे पाला झाडून काढता येईल.

डेकवर ठेवलेलं पात्र

भाड्याचं घर, छोटं आवार, थोडा खर्च: अशा वेळी पायांवर उभं राहणारं लोखंडी किंवा स्टीलचं पात्र येतं. हलवता येतं हा त्याचा मोठा गुण, कारण जूनमध्ये ते आत नेता येतं. अट एवढीच की पात्राखालचं आसनही तितकंच उचलता यायला हवं.

असं आसन सुताराकडून किंवा फॅब्रिकेटरकडून सहज होतं. दोन इंच उंचीची अँगलची चौकट, तिच्यावर 12 मिलिमीटरचा, उष्णता अडवणारा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड, त्यावर आडव्या मांडलेल्या भट्टीच्या विटा. चौकटीखालून वारा जात राहिला पाहिजे, कारण फळी थंड ठेवण्याचं आणि कोरडी ठेवण्याचं काम तीच दोन इंचांची पोकळी करते. आसन पात्रापेक्षा चारही बाजूंनी दोन फूट मोठं ठेवा. त्याचे चार भाग करा आणि विटा सुट्या राहू द्या, म्हणजे वाहून नेता येतील. नुसती चटई अंथरून भागवू नका. ती ओली राहते आणि तिच्याखालची फळी एका पावसाळ्यात काळी पडते.

पहिल्यांदा पेटवाल तेव्हा तासाभराने आसनाखालच्या फळीला हात लावून बघा. तळवा पाच सेकंद टेकवता आला नाही तर आसन अपुरं आहे. एकदा चालून गेलं म्हणून सोडून देऊ नका: वारंवार तापून काळवंडलेलं लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी तापमानाला धुमसायला लागतं.

पात्रावर ठिणग्यांची जाळी कायम असावी. डोक्यावर दहा फूट काही नको, आणि झावळ्यांचं, गवताचं किंवा बांबूचं छत असेल तर हा पर्याय सोडूनच द्या. पावसाळी प्लास्टिकचे पडदे सोडलेल्या पडवीतही शेकोटी किंवा शेगडी नको, तिथे कार्बन मोनॉक्साइड साठतो.

गॅस

ठिणग्या नाहीत, राख नाही, धूर जवळपास नाही. दमट दिवसांत ओल्या लाकडाशी झुंजणंही नाही. तरीही डेकवर गॅसचा स्वतःचा एक मोठा दोष आहे: एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. गळती झाली तर तो फटींतून डेकखाली उतरतो. डेकच्या बाजू फळ्यांनी बंद केल्या असतील तर खाली गॅसची पेटी तयार होते, आणि हवेत साधारण दोन टक्के गॅस झाला की भडका उडायला ते पुरतं. म्हणून सिलिंडर डेकखाली कधीही ठेवू नका. बर्नरच्या खोक्याला समोरासमोरच्या दोन बाजूंना, तळाशी, प्रत्येकी किमान 18 चौरस इंचांची जाळीदार खिडकी हवी. ज्वाळा विझली की गॅस आपोआप बंद करणारा व्हॉल्व्ह नसलेला बर्नर घेऊ नका.

खर्चाचा अंदाज असा: 40,000 बीटीयूचा बर्नर तासाला साधारण 0.9 किलो गॅस खातो, म्हणजे 19 किलोचा सिलिंडर वीस-एकवीस तास. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर स्वयंपाकासाठी असतो, होमस्टेने तो इथे जोडू नये.

आपल्या हवेत बर्नर बिघडतो तो कुंभारमाशी आणि कोळी यांच्यामुळे. पावसाळ्यात बंद पडलेल्या नळीत माशी मातीचं घर करते, हवा-गॅसचं मिश्रण बिघडतं, आणि पहिल्याच पेटवणीला ज्वाळा उलटी बर्नरखाली येते. म्हणून हंगामाआधी नळी काढून ब्रशने साफ करा आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे तपासा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला, उंदरांनी कुरतडली असेल तर त्याच दिवशी. समुद्राजवळ बर्नर आणि स्क्रू 316 ग्रेडच्या स्टीलचे घ्या, 304 वर खाऱ्या हवेने तपकिरी डाग पडतात.

फळ्या कुठल्या?

डब्ल्यूपीसीला (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या फळीला) वाळवी लागत नाही म्हणून तो खपतो. पण त्यातलं प्लास्टिक शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास मऊ पडतं. निखाऱ्याखाली फळी वितळून खळगा होतो आणि तो घासून निघत नाही. सागाची फळी डागळली तर रंधा मारता येतो. पात्राचा पर्याय घेणार असाल तर साग, शेकोटी लांब अंगणात असेल तर डब्ल्यूपीसी चालेल. सागाला जवसाचं तेल लावलंत तर पुसायचे बोळे पाण्यात बुडवून ठेवा. गोळा करून टाकलेले बोळे आपोआप पेटतात.

सरपण

पावसाळ्यात हवेची आर्द्रता 85-90 टक्के राहते, त्यामुळे छपराखालचं लाकूडही 18-20 टक्के ओलाव्याखाली उतरत नाही. बाभूळ, ऐन, सुरू मार्च ते मेमध्ये फोडून वाळवा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा महिनाभर ऊन द्या. ओलं लाकूड तडतडतं आणि ठिणग्या उडवतं. नारळाची सोडणं नुसता धूर करतात. काजूची टरफलं टाकू नका, त्यातलं तेल भडकतं आणि धूर घसा जाळतो. डेकचे उरलेले रासायनिक प्रक्रियेचे तुकडे तर अजिबात नकोत, त्यांच्या धुरात आणि राखेत आर्सेनिक असू शकतं.

विझवणं आणि पावसाळी बंद

राखेत निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो. ती झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून डेकबाहेर, मातीवर ठेवा. शेकोटीजवळ पाण्याच्या दोन बादल्या आणि एक वाळूची, गॅस असेल तर आग विझवण्याचा 6 किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर. गॅसच्या आगीत आधी व्हॉल्व्ह बंद करायचा, मग विझवायचं.

मेअखेर राख पूर्ण उपसा. पाण्यात ती क्षारयुक्त होते आणि पत्रा खाते. खड्ड्यावर पत्र्याचं उतरतं झाकण दोन विटांवर उचलून ठेवा, म्हणजे वारा जाईल. नोव्हेंबरमध्ये पहिल्या दिवशी फक्त दोन-तीन बारीक काटक्यांचा अर्धा तास जाळ करा, दुसऱ्या दिवशी तासभर, तिसऱ्या दिवशी पूर्ण. विटांतून वाफ येताना दिसली तर आणखी एक दिवस थांबा.