मॅक्रोफेजसाठी शीत प्लाझ्मा: जेट, डीबीडी की प्लाझ्मा दिलेलं द्रावण?

मॅक्रोफेज ही शरीराची रक्षक पेशी जिवाणू गिळते, पण स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू तिच्या पोटातही तग धरतो, आणि जेंटामायसिन हे प्रतिजैविक तिथवर नीट पोचत नाही. शीत प्लाझ्मा म्हणजे विजेनं आयनित केलेला वायू, रक्तातल्या प्लाझ्माशी त्याचं काही नातं नाही. इथं प्रयोगशाळेत त्याच्याकडून अपेक्षा आहे ती मॅक्रोफेजला चेव आणण्याची. तो देण्याच्या तीन रीती: प्लाझ्माचा झोत सोडणारा जेट, इन्सुलेटर मध्ये ठेवून इलेक्ट्रोडपाशी ठिणग्या पाडणारा डीबीडी, किंवा आधी द्रावणाला प्लाझ्मा देऊन ते पेशींवर घालणं. मात्रा थोडी चढली की आधी पेशीच मरते. त्यामुळे उपकरणाचा जोर पाहू नका, रोज तीच मात्रा मिळते का ते पाहा.

जेटला बहुधा आर्गॉन वायू लागतो, मिनिटाला 3 ते 5 लिटर. कोल्हापुरात त्याची अडचण नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या वेल्डिंगच्या कामांमुळे सिलिंडर सहज मिळतो. 7 घनमीटरचा सिलिंडर 5 लिटरच्या वेगानं साधारण 23 तास पुरतो. फक्त वेल्डिंगच्या दर्जावर भागवू नका, 99.999 टक्के शुद्धतेचा मागा. वायूतल्या ओलाव्याचा अंश बदलला की तयार होणारे रेणूही बदलतात. 24 वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये प्रत्येकी 500 मायक्रोलिटर पेशी वाढवायचं माध्यम घ्या, जेटचं टोक 8 ते 10 मिलिमीटर वर ठेवा आणि 10, 20, 40, 60 सेकंद देऊन पाहा. झोतानं माध्यम आटतं. प्लेटचं आधीचं-नंतरचं वजन करून तेवढं निर्जंतुक पाणी घाला, नाहीतर वाढलेल्या क्षारांनी पेशी मरतात आणि बोल प्लाझ्माला लागतो. वीज बंद ठेवून नुसता वायू सोडलेले वेलही तुलनेला ठेवा. आणि टेबल बदलू नका: प्लेटखाली लाकूड आहे की अर्थिंग केलेला पत्रा, यावर डिस्चार्ज (वायूतून होणारा विजेचा प्रवाह) बदलतो.

डीबीडी साध्या हवेवर चालतो म्हणून स्वस्त वाटतो. खरी गोची वेलमध्ये आहे. इलेक्ट्रोड आणि द्रव यांत अंतर 1 ते 2 मिलिमीटर, आणि द्रव कडेला वर चढलेला. ठिणग्या तिथंच एकवटतात, मधल्या पेशींना प्लाझ्मा मिळतच नाही. त्यात आपला पावसाळा. दमट हवेत ओझोन घटतो, हायड्रोजन पेरॉक्साइड वाढतं, मग फेब्रुवारीचे आकडे जुलैत जुळत नाहीत. कोरड्या हवेचा सिलिंडर जोडला की स्वस्ताई संपली. अगार (जिवाणू वाढवायची जेली) किंवा त्वचेसारख्या सपाट पृष्ठभागाला मात्र डीबीडीच बरा.

द्रावणाची पद्धत सर्वांत सोपी: द्रावणाला एकदा प्लाझ्मा द्या, सगळ्या वेलमध्ये सारखं वाटा. पण अल्पजीवी रेणू तोवर संपतात. उरतं ते मुख्यतः पेरॉक्साइड, नायट्राइट, नायट्रेट. डीएमईएम हे पेशी वाढवायचं नेहमीचं माध्यम पायरुवेट असलेलं घेतलं तर पेरॉक्साइडही ते पायरुवेटच खाऊन टाकतं. डिस्टिल्ड वॉटरचा पीएच 3 च्या आसपास उतरतो, मग जिवाणू आम्लानं मेले की प्लाझ्मानं, कळायचं कसं? तेवढ्याच तीव्रतेचं साधं पेरॉक्साइड शेजारी चालवा, एका गटात कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घाला. साध्या पेरॉक्साइडचा निकाल सारखाच आला तर प्लाझ्माचं यंत्र घेण्याची गरजच नाही.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं आधी द्रावणावर हात बसवावा, नंतर जेट घ्यावा.

एक फसगत तिन्हीकडे सारखी. एका पेशीमागे 10 जिवाणू, 1 तास संसर्ग, मग बाहेरचे जिवाणू मारायला मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅम जेंटामायसिन 1 तास, प्लाझ्मा, शेवटी 0.1 टक्का ट्रायटन या डिटर्जंटनं पेशी फोडून जिवाणूंच्या वसाहती मोजायच्या, ही नेहमीची रीत. प्लाझ्मानं मॅक्रोफेज फुटला तर जिवाणू बाहेर पडतो, माध्यमात उरलेलं जेंटामायसिन त्याला मारतं आणि वसाहती घटलेल्या दिसतात. म्हणून त्याच वेलमधलं एलडीएच (फुटलेल्या पेशीतून गळणारं एन्झाइम) मोजल्याशिवाय घटलेला आकडा वहीत चढवू नका.