फीडिंग ब्रा घ्यायची की नाही? बाळंतपणापासून आजपर्यंतचा वापर

घ्यायची का, तर हो. पण दोनच, आणि त्याही नववा लागल्यावर. बाकीच्या नंतर, गरज पडली तर.

माझी लेक आता घरभर रांगते, वरचं खाणंही सुरू झालंय, तरी सकाळी, मी ऑफिसातून आल्यावर आणि रात्री अंगावर पिते. म्हणजे या वस्तूचा वापर अजून चालूच आहे. गरोदरपणात मी हा प्रश्न ज्याला-त्याला विचारत फिरायचे. मैत्रिणी म्हणायच्या, घेच, त्याशिवाय जमणारच नाही. आई आणि सासूबाईंचं एकमत (तसं ते दुर्मीळच): काही नको, आम्ही नाही का पोरं वाढवली? वापरून झाल्यावर मी या दोघींच्या बाजूला जास्त झुकलेय, एक मोठा अपवाद सोडून. तो अपवाद म्हणजे गळती.

बाळाला पाजायला खास ब्रा लागत नाही. घरात पुढून उघडणारा सैल गाऊन असला की झालं. साधी मऊ सुती ब्रा वर सरकवली तरी बाळ पितं, फक्त ती घट्ट होऊन दाबत नाही ना एवढं बघायचं. पण एका बाजूला बाळ ओढायला लागलं की दुसऱ्या बाजूलाही पान्हा सुटतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. पान्हा सोडणारं हार्मोन रक्तातून दोन्हीकडे पोचतं, बाळ कुठल्या बाजूला आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. खालच्या मजल्यावरचं बाळ रडलं तरी माझा गाऊन ओला. सुरुवातीच्या दिवसांत चादरीवर टॉवेल घालून झोपायचे. यावर उपाय दूध शोषून घेणाऱ्या, छातीशी ठेवायच्या पॅडचा, आणि पॅड गाऊनमध्ये टिकत नाही, घसरून पोटाशी येतो. त्याला जागेवर धरायला अंगाला बसणारं काहीतरी लागतंच. माझ्या लेखी फीडिंग ब्राचं खरं काम हे आहे: पॅड धरून ठेवायचं, आणि पाजताना एका वेळी एकच बाजू उघडायची. काहीजणींना गळती जवळजवळ होत नाही. तुम्ही त्यातल्या असाल तर अर्धी गरज इथेच संपली.

खरेदीसाठी मी लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या दुकानात गेले होते. काउंटरवरच्या काकूंनी टेप काढायच्या आधी विचारलं, "कितवा?" नववा म्हटल्यावर म्हणाल्या, "मग शेवटच्या हुकाला बसेल अशीच घे. बाळ झालं की पिंजरा आत जातो." अगदी तसंच झालं. पोट वाढतं तसा बरगड्यांचा घेरही वाढतो आणि बाळंतपणानंतर हळूहळू कमी होतो. म्हणून पट्टा सगळ्यात सैल हुकाला बसणारा घ्यायचा, म्हणजे पुढे आतल्या हुकांवर सरकायला वाव राहतो. कपाची गोष्ट उलटी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं तेव्हा छाती अशी भरून, टणक होते की नवव्या महिन्यात नीट बसलेला कप तेव्हा अपुरा पडतो. त्यामुळे कप थोडा ऐसपैस आणि ताणला जाणाऱ्या कापडाचा हवा. मग साधारण दीड महिन्यानं दूध बसतं, बाळाला लागेल तेवढंच तयार व्हायला लागतं आणि छाती परत मऊ पडते. भारीतली, नेमक्या मापाची ब्रा घ्यायचीच असेल तर ती या वेळी घ्या. पाचव्या महिन्यात सेल लागला म्हणून सहाचा पॅक उचलण्यात काही अर्थ नाही, तोवर तुमचं माप तुमच्याच हातात नसतं.

लेबलांचा एक घोळ सांगून ठेवते. कुठे ३४, ३६, ३८ लिहितात, कुठे ७५, ८०, ८५. ३४ म्हणजेच ७५ आणि ३६ म्हणजे ८०. ऑनलाइन मागवताना मात्र त्याच ब्रँडचा तक्ता बघा, कारण काहीजण हे दोन्ही सोडून नुसतं मीडियम-लार्ज लिहितात, आणि एकाचं लार्ज दुसऱ्याच्या मीडियमहून लहान निघतं.

आता प्रकार. सगळ्यात जास्त मिळते ती क्लिपची. खांद्याच्या पट्ट्यावर प्लॅस्टिकची छोटी क्लिप असते, ती सोडली की कप खाली पडतो. दुकानात हे फार सोपं दिसतं. रात्री अडीचला एका हातावर रडणारं बाळ, दिवा लावायचा नाही कारण नवरा झोपलाय आणि बाळ पूर्ण जागं व्हायला नको, अशा वेळी ती क्लिप उघडणं वेगळं आणि लावणं तर त्याहून वेगळं. उघडताना अंगठ्यानं वर दाबून बाहेर ओढली की सुटते. लावताना मात्र पट्ट्यावरचा आकडा कपाच्या फटीत बरोबर जावा लागतो, आणि दूध भरून कप जड झालेला असला की ती फट पट्ट्यापासून दोन बोटं खालीच राहते. मग बाळाला गादीवर ठेवून दोन्ही हात वापरायचे, आणि ठेवलं की ते उठलंच समजा. म्हणून घेताना डोळे मिटून, फक्त डाव्या हातानं क्लिप उघडून-लावून बघा, मग उजव्या हातानं. दुकानात ट्रायल नसेल तर ब्रा हातात घेऊन तरी बघाच, काकू हसल्या तर हसू देत. माझ्या दोन वेगवेगळ्या ब्रांच्या क्लिपांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक निघाला, आणि तो किमतीवरून कळला नसता.

क्लिपच्या ब्राची दुसरी तपासायची जागा म्हणजे कप खाली पाडल्यावर उरणारं आतलं कापड. काहींत छातीभोवती कापडाची चौकट राहते. ती रुंद असली तर छान आधार मिळतो आणि पॅडही पडत नाही. अरुंद असली तर छाती त्या भोकातून दाबून बाहेर काढल्यासारखी होते. ऑनलाइन घेतलेल्या तीनच्या पॅकमध्ये मला हाच प्रकार मिळाला. पाजून झालं की वरच्या अंगाला कापडाचा लाल वळ उठलेला असायचा. त्याच पॅकमधल्या एकीची क्लिप शिवणीतून निघून आली. त्या तिन्ही आता कपाटाच्या तळाशी आहेत.

मी आजवर सर्वांत जास्त घातलेली ब्रा क्लिपची नाहीच. ती पुढे एकावर एक येणाऱ्या कापडाची, क्रॉसओव्हर म्हणतात तशी. हुक नाही, क्लिप नाही, कापड बाजूला ओढलं की झालं. आधार फारसा देत नाही, बाहेर घालून जावी अशीही ती नाही. पण रात्री पॅड धरून ठेवायला आणि झोपेत पाजायला तिच्यासारखी दुसरी नाही. एकच घ्यायची असेल तर मी ही सांगेन. पुढे चेन किंवा बटणं असलेलीही मैत्रिणीची वापरून पाहिली. चेन उघडली की दोन्ही बाजू एकदम मोकळ्या, दोन्ही पॅड मांडीत. नको.

वायर असलेली घेऊ नका, निदान पहिले काही महिने. हे फक्त टोचण्यापुरतं नाही. छातीच्या एकाच भागावर सतत दाब आला की तिथलं दूध साकळून गाठ होऊ शकते. घट्ट ब्रा, खांद्यावर आडवा घेतलेल्या पर्सचा पट्टा, पोटावर झोपणं, सगळ्यानं तेच होतं. मला एकदा काखेच्या बाजूला अशी गाठ आली होती. गरम पाण्याचा हलका शेक, त्याच बाजूनं वरचेवर पाजणं, आणि ब्रा पूर्ण काढून ठेवणं, एवढ्यानं ती विरघळली. छातीवर लाल चट्टा दिसला, अंगात ताप भरला, हात लावू देत नाही असं दुखायला लागलं, तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. आणि अशा वेळी दूध दूषित झालं म्हणून पाजणं थांबवायचा सल्ला घरातून मिळतो, तोही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ऐकू नका. दूध आत राहिलं तर दुखणं वाढतं.

आईच्या बाजूला का झुकले, तेही सांगते. बाळंतपण सांगलीला माहेरी, तेही मे महिन्यात. मालिश, शेक, कडकडीत पाण्याची आंघोळ, पोटाला घट्ट बांधलेला सुती पट्टा, आणि वर पुन्हा छातीला इलॅस्टिक? दुपारी अंगावर कपडाच नको वाटायचा. शिवाय मालिशच्या तेलानं इलॅस्टिकचं आयुष्य निम्मं होतं. आईनं दोन-तीन पुढून उघडणारे मलमलचे गाऊन शिवून ठेवले होते, दिवसा तेवढ्यावर भागलं. आजी नऊवारीवर पुढे गाठ मारायची चोळी घालायची, गाठ सोडली की पाजायला मोकळी. बारशाला पैठणी नेसायची होती आणि माझ्या लग्नातल्या सगळ्या ब्लाउजांची हुकं पाठीला. आईनं आधीच तिच्या शिंप्याकडून पुढच्या हुकांचं, छातीत सैल असं ब्लाउज करून घेतलं होतं, खालची दोन हुकं काढली की पदराआड पाजता येईल असं. आत क्लिपची ब्रा घातली, कारण एवढ्या पाहुण्यांत पैठणीवर दुधाचा डाग परवडणारा नव्हता. काम चोख झालं. खांद्याखाली क्लिपचा उंचवटा मात्र प्रत्येक फोटोत दिसतो.

कुठल्या बाजूनं शेवटचं पाजलं हे आठवायला पट्ट्याला सेफ्टी पिन लावा, असा सल्ला बऱ्याचजणी देतात. पिन बाळाच्या तोंडाजवळ कशाला? आई एक बांगडी या हातातून त्या हातात घालायला लावायची. तेवढं पुरतं.

बाहेर पडायला लागल्यावर क्लिपची ब्रा कामाची वाटू लागली. सांगलीहून पुण्याला येताना गाडीत, नंतर दवाखान्यात लसीकरणाच्या रांगेत, ओढणीखाली एका हातानं उघडता येणं याची किंमत तेव्हा कळते. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात, तिथे निवांत बसता येतं, पण बाळाला भूक स्टँड येईपर्यंत थांबून लागत नाही. कुर्ता चेनचा किंवा पुढून बटणांचा हवा हे वेगळं सांगायला नको. नुसती ब्रा उघडून काय उपयोग, वरचा ड्रेस गळ्यापर्यंत बंद असेल तर?

आणि ऑफिस. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ती दिवाळीच्या सुमारास संपली. पहिल्या आठवड्यात मीटिंगमध्ये बसल्या बसल्या शर्ट ओला होणं म्हणजे काय ते अनुभवलं, तेही फिकट निळा शर्ट. तेव्हापासून ऑफिसला पॅड आणि वर छापील कुर्ते. पंपिंगसाठी, म्हणजे पंपानं दूध काढायला, क्लिपची ब्रा सोयीची, कप खाली पाडला की पंपाची फनेल आतल्या चौकटीच्या आधारानं बऱ्यापैकी टिकते, तरी एक हात अडकतोच. पंपासाठी फटी असलेल्या वेगळ्या ब्रा मिळतात. तुम्ही दिवसातून बऱ्याच वेळा पंप करणार असाल तर विचार करा. मी दोनदाच करायचे, म्हणून घेतली नाही.

धुण्याबद्दल थोडं. दूध लागलेली ब्रा आणि पॅड आधी गार पाण्यात भिजवा, गरम पाण्यात टाकलं की डाग पक्का बसतो आणि इलॅस्टिकही जातं. मशीनमध्ये जाळीच्या पिशवीत, क्लिप लावून, नाहीतर त्या क्लिपा गाऊनच्या लेसमध्ये अडकतात. पावसाळ्यात जाड स्पंजचा कप दोन-दोन दिवस वाळत नाही आणि त्याला कुबट वास येतो. स्पंज नसलेली पातळ होजिअरीची घ्यायचं आणखी एक कारण. पॅड ओला झाला की लगेच बदला. ओलं कापड तासन् तास अंगाला राहिलं तर बोंडाला फंगसचा संसर्ग होऊ शकतो, आणि तो बाळाच्या तोंडात जातो.

पैशाचं म्हणाल तर साधी सुती होजिअरीची मला चारशेच्या आसपास पडली, मऊ बिनशिवणीची हजाराच्या वर. रोजच्या वापरात चारशेचीनं हजारवालीला हरवलं, कारण ती वाळते लवकर आणि तिची क्लिप माझ्या अंगठ्याला बसते. वाचलेले पैसे धुवायच्या सुती पॅडांवर घाला, निदान डझनभर. ते कधीच पुरत नाहीत.

धाकट्या जाऊबाईंना आता सहावा लागलाय. त्यांना मी एवढंच सांगितलंय: रात्रीची एक क्रॉसओव्हर, बाहेरची एक क्लिपची, दोन्ही नवव्यात. घरून काम करणार असतील तर क्लिपचीही घाई नाही. माझ्या जुन्या मात्र देणार नाही, त्यांचा पट्टा आता सगळ्यात आतल्या हुकालाही सैल होतो.