टायमिंग चेन बदलली म्हणून पूर्ण पैसे घेतले, पण कव्हर उघडलंच नव्हतं

जुनी गाडी आहे आणि गॅरेजवाला म्हणतोय की टायमिंग चेन (इंजिनातले दांडे एकमेकांच्या तालात फिरवणारी चेन) गेली, अख्खं किट टाकावं लागेल, अशी वेळ आली असेल तर गाडी सोडायच्या आधी हे वाचा. माझ्याकडून पूर्ण किटचे आणि पूर्ण मजुरीचे पैसे घेतले आणि चेनला हातसुद्धा लावला नव्हता. हे काम पूर्णपणे इंजिनाच्या कव्हरच्या आत असतं, गाडी हातात आल्यावर नेमकं काय बघायचं हे माहीत नसेल तर बाहेरून काही कळत नाही, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला जातो.

निदान बरोबर होतं हे आधीच सांगतो, खोटं होतं ते काम. गाडी थंड असताना स्टार्ट केली की पहिले काही सेकंद चेनच्या बाजूने खडखड यायची आणि मग बंद व्हायची. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं ऑइल उतरतं, आणि चेन ढिली असेल तर प्रेशर बनेपर्यंत ती गाइडवर (चेनला वाट देणाऱ्या पट्टीवर) आपटत राहते. पुढे पुढे आवाज जास्त वेळ टिकायला लागला, आयडलिंगला इंजिन थरथरायला लागलं, पिकअप गेलं आणि चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर लावल्यावर पी००१६ हा कोड आला, म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ बसत नाहीये. क्रँकचे २ फेरे होतात तेव्हा कॅमचा १ व्हायला पाहिजे, दोघांचे सेन्सर हे सतत बघत असतात, आणि चेन लांबली की कॅम मागे पडतो. लांबते म्हणजे लोखंड ताणलं जात नाही, सायकलच्या चेनसारखंच, प्रत्येक कडीची पिन आणि भोक थोडं थोडं झिजतं आणि सगळ्या कड्यांची मिळून लांबी वाढते. हाच कोड सेन्सर गेला, व्हीव्हीटीचा (व्हॉल्व्ह उघडायची वेळ पुढे-मागे करणाऱ्या यंत्रणेचा) सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह, चिकटला किंवा ऑइल घाण असलं तरी येतो, त्यामुळे नुसत्या कोडवर कोणी चेन बदला म्हणत असेल तर थांबा. माझ्या गाडीत आवाज आणि कोड दोन्ही होते.

हे काम पुढे ढकलण्यासारखं नसतं, म्हणून माणूस लगेच हो म्हणतो. बऱ्याच इंजिनांत चेनने दात सोडले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि मग हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायची वेळ येते. गॅरेजवाल्याने मला हेच सांगितलं आणि ते खरं आहे. चेन, टेन्शनर, गाइड, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), क्रँकचं पुढचं ऑइल सील, सगळं नवीन टाकतो म्हणाला आणि बिलातही तसंच लिहिलं. सकाळी सोडलेली गाडी संध्याकाळच्या आतच तयार. माझ्या इंजिनमध्ये या कामाला इंजिन धरून ठेवणारं एक माउंटिंग सोडावं लागतं, बेल्ट काढायचा, क्रँक पुली काढायची, चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) खाली घ्यायचा, मग कुठे कव्हर निघतं, आणि परत लावताना जुना सीलंट खरवडून साफ करून नवीन लावायचा आणि त्याला सुकायला वेळ द्यायचा. हे सगळं मला नंतर समजलं.

गाडी घेताना स्टार्ट करून दाखवली, आवाज नाही, दिवा नाही. खोक्यात एक काळीकुट्ट ढिली चेन घालून दिली, "बघा किती लांबली होती" म्हणून. मी पैसे दिले आणि ते खोकं डिकीत टाकलं.

काही आठवडे गाडी छान चालली आणि मग तीच खडखड, तोच दिवा, तोच कोड. परत गेलो तर म्हणाला नवीन चेन सेट व्हायला वेळ लागतो. असं काही नसतं, नीट बसवलेली नवीन चेन पहिल्या दिवसापासून गप्प चालते. मग म्हणाला ऑइल जाड टाकून बघू, आणि तेही झाल्यावर म्हणाला आता कॅमचा फेजर (कॅम पुढे-मागे फिरवणारा भाग) गेलाय, वेगळा खर्च येईल, तेव्हा मात्र मी गाडी तिथून काढली.

दुसऱ्या ठिकाणी जे वयस्कर मेकॅनिक होते त्यांनी स्कॅनर नंतर लावला, आधी टॉर्च घेऊन कव्हरच्या कडेने फिरवला आणि मला वाकून बघायला लावलं. बोल्टांच्या डोक्यावर कंपनीने मारलेल्या रंगाच्या खुणा जशाच्या तशा होत्या. कव्हर आणि ब्लॉकच्या सांध्यावर ऑइल आणि धुळीचा जो थर जमतो तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग, कुठेच तुटलेला नाही, क्रँक पुलीच्या बोल्टवर पान्याचा साधा ओरखडा नाही. फक्त २ बोल्ट चकचकीत होते, टेन्शनरचे. "हे कव्हर कंपनीतून निघाल्यापासून कोणी काढलेलं नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) काढलं आणि कॅमवरची चेन दिसली, तपकिरी पडलेली, जळक्या ऑइलचा थर चढलेली. मी डिकीतलं खोकं आणलं. खोक्यातली चेन डबल होती, दोन ओळींची, आणि माझ्या इंजिनात सिंगल चेन. ती स्प्रॉकेटवर बसूच शकत नाही, कुठल्या तरी भलत्याच गाडीची होती! हे बघून माझं डोकं इतकं तापलं की मला थोडा वेळ बाहेर जाऊन उभं राहावं लागलं.

त्याने काय केलं होतं तेही त्यांनी समजावलं. माझ्यासारख्या काही इंजिनांत टेन्शनर बाहेरून निघतो, कव्हर काढावं लागत नाही. तो नवीन टाकला की झिजलेल्या चेनलाही काही काळ दाबून धरतो, आवाज बंद होतो, कोड स्कॅनरने पुसला की दिवा जातो, आणि गिऱ्हाईक खूश होऊन निघून जातं. पण चेन तेवढीच लांब, स्प्रॉकेट तेवढंच झिजलेलं, गाइड तेवढंच खाल्लेलं, त्यामुळे हे परत येणारच असतं आणि मधल्या काळात तुम्ही काम झालंय म्हणून बिनधास्त गाडी पळवत असता. मला पैशांपेक्षा याचाच राग जास्त आहे, घरची माणसं बसवून मी त्या गाडीतून लांबचे प्रवास केले.

खरं काम झालं तेव्हा चेंबर उतरवल्यावर गाइडच्या प्लास्टिकचा तुटलेला तुकडा ऑइलच्या जाळीपाशी सापडला. जाळी अशा तुकड्यांनी तुंबली असती तर ऑइलचं प्रेशर पडून बेअरिंग आणि कॅम सगळंच गेलं असतं.

तुमचं काम करायला द्याल तेव्हा सुरुवातीलाच सांगा की कव्हर उघडं असताना मला बघायचंय, आणि जमत नसेल तर फोटो मागा, पण फोटो असा की त्यात तुमची गाडी ओळखू येईल, नुसत्या चेनचा क्लोजअप कुठल्याही गाडीचा असू शकतो. नवीन चेनच्या काही कड्या वेगळ्या रंगाच्या असतात, टायमिंगच्या खुणा जुळवायला. इंजिन हाताने पूर्ण २ फेरे फिरवून स्प्रॉकेटवरच्या खुणा परत जुळतात का हे बघितलंच पाहिजे, तेव्हा रंगीत कड्या खुणांवर येणार नाहीत, त्यात काही गडबड नाही, खुणा जुळल्या की झालं. जुनी चेन दिली तर ती नवीन चेनच्या शेजारी ठेवून बघा, तीच जात, तेवढीच रुंदी, आणि जुनी थोडी लांब भरते. जुने गाइडही मागा, झिजलेल्या गाइडवर चेनच्या खाचा पडलेल्या दिसतात. बिलावर प्रत्येक पार्टचा नंबर लिहून घ्या, नुसतं "टायमिंग किट" लिहिलेलं चालणार नाही. आणि घरी आल्यावर कव्हरच्या कडेने टॉर्च मारा, ताजा सीलंट आणि साफ झालेला सांधा दिसलाच पाहिजे.

दुसऱ्या मेकॅनिकने न उघडलेल्या कव्हरचे फोटो काढून दिले आणि काय सापडलं ते सहीनिशी लिहून दिलं. ते घेऊन मी पहिल्याकडे गेलो. आधी गॅरेजमधल्या मुलाची चूक म्हणाला, मग दुसऱ्याने तुम्हाला भडकवलं म्हणाला, ती डबल चेन समोर ठेवल्यावर पार्टचे पैसे परत द्यायला तयार झाला पण मजुरीचे नाही. जी मजुरी झालीच नाही तिचे पैसे मी सोडणार नाहीये. लेखी तक्रार दिली आहे, सोबत फोटो आणि बिल जोडलंय, आणि ती चेन अजून माझ्याकडेच आहे.