आठ महिने ५१व्या हायलँड डिव्हिजनसोबत: मजकूर दणदणीत, नकाशे शिवणीत

पुस्तक घेऊन आठ महिने झाले. स्कॉटलंडच्या ५१व्या हायलँड डिव्हिजनचा दोन्ही महायुद्धांतला इतिहास, एकाच जाडजूड बांधणीत, मागणीनुसार जुनी पुस्तकं छापून देणाऱ्या एका कंपनीकडून मागवलेला. हातात आल्या आल्या लिहिलं नाही, कारण असली पुस्तकं पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच भारी वाटतात.

आधी तक्रार. मूळचे घडीचे नकाशे स्कॅन करून समोरासमोरच्या दोन पानांवर कोंबलेत. १९४० च्या नकाशात सेंट व्हॅलेरी-आँ-को हे फ्रान्समधलं बंदर बरोब्बर शिवणीत गेलंय. ज्या गावात डिव्हिजनचा मोठा भाग गारद झाला तेवढंच गाव दिसत नाही! ते बघायला पुस्तक ताणलं, तिसऱ्या महिन्यात तिथूनच पानं सुटली. कंपनीला मेल केला, उत्तर नाही. शेवटी पानं फेविकॉलने चिकटवली आणि ट्रेसिंग पेपरवर स्वतःच नकाशा काढला. अॅबेव्हिल, सोम नदी, दिएप, आणि कड्याखाली लाल पेन्सिलीने सेंट व्हॅलेरी.

पहिल्या महायुद्धाचा भाग मी जरा भराभर उरकला. पण बेडफर्डवर अडलो. १९१४ च्या हिवाळ्यात ही पोरं तिथे सरावाला होती. दूरच्या खेड्यापाड्यांतून आलेली, गोवर कधी न झालेली. गोवराची साथ आली आणि लढाई बघायच्या आधीच कित्येक जण गेले. १३ नोव्हेंबर १९१६ ला बोमाँ-हामेल घेतल्यावर या डिव्हिजनचा दबदबा झाला. त्याआधी डिव्हिजनचे सेनापती जनरल हार्पर यांच्या नावावरून आणि खांद्यावरच्या ‘एचडी’ (हायलँड डिव्हिजन) खुणेवरून बाकीचे त्यांना ‘हार्पर्स डड्स’, म्हणजे हार्परचे फुसके बार, म्हणायचे. काँब्रेच्या लढाईत, २० नोव्हेंबर १९१७ ला, फ्लेस्किएर गावाशी ब्रिटिश रणगाडे का अडकले यावर मात्र लेखक हार्परची वकिली करत बसतो. जर्मन तोफा टेकडीच्या पलीकडच्या उतारावर होत्या हे खरं, पण म्हणून पायदळ रणगाड्यांच्या इतकं मागे का ठेवलं, याचं उत्तर मिळत नाही.

खरं पुस्तक १९४० मध्ये आहे. डिव्हिजन सारच्या आघाडीवर मॅजिनो रेषेपाशी, म्हणजे फ्रान्सच्या सरहद्दीवरच्या तटबंदीपाशी, फ्रेंचांच्या हाताखाली दिलेली, त्यामुळे बाकीचं ब्रिटिश सैन्य डंकर्कहून निघालं तेव्हा ही तिथे नव्हतीच. सोमपासून लढत मागे सरकत समुद्र गाठला, तर वर कड्यांवर जर्मन तोफा आणि खाली धुकं. जहाजं आत येईनात. १२ जून १९४० ला डिव्हिजनचे सेनापती जनरल व्हिक्टर फॉर्च्यून जर्मन सेनानी रोमेलला शरण गेले. सुमारे १०,००० माणसं कैदेत. हे प्रकरण मी तीन आठवडे वाचत होतो. बायको रोज जेवताना विचारायची, “अजून शरण जातायत का ते?”

फॉर्च्यून पुढे आजारी पडले, सुटून घरी जायची संधी असूनही सैनिकांसोबत कैदेतच राहिले. जर्मनीतल्या लाउफेनच्या युद्धकैदी छावणीत डिव्हिजनच्या अधिकाऱ्यांनी एक नाच रचला, ‘रील ऑफ द फिफ्टी-फर्स्ट डिव्हिजन’. नाचणाऱ्यांच्या जागांतून सेंट अँड्र्यूचा, स्कॉटलंडच्या झेंड्यावरचा तिरपा क्रॉस तयार होतो. व्हिडिओ लावून कागदावर ठिपके मांडले, चौथ्या वेळी तो क्रॉस दिसला.

१९४२ च्या इजिप्तमधल्या अल अलामेनच्या लढाईपासून लेखकाला जोर चढतो: बॅगपाइप, चांदणं, वाळवंट. नव्याने उभारलेल्या या डिव्हिजनने जिथेतिथे ‘एचडी’ इतक्या वेळा रंगवलं की लोक त्यांना ‘हायवे डेकोरेटर्स’ म्हणू लागले. हे सगळं वाचायला मजा येते, पण नॉर्मंडीत हाच लेखक एकदम मुका होतो. जुलै १९४४ मध्ये मॉन्टगोमेरीने डिव्हिजन लढण्याच्या लायक उरली नाही असा शेरा मारून सेनापती बदलला, आणि त्यावर इथे जेमतेम दीड पान! त्या जागी आलेला टॉम रेनी स्वतः सेंट व्हॅलेरीला पकडला जाऊन निसटलेला. सप्टेंबर १९४४ मध्ये त्याच गावात परतल्यावर त्याने बटालियन १९४० मध्ये जिथे लढल्या होत्या तिथेच नेऊन बसवल्या. माझा ट्रेसिंग पेपर इथे दुसऱ्यांदा कामाला आला. मार्च १९४५ मध्ये ऱ्हाइन ओलांडताना रेनी गेला.

शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार काका राहतात. त्यांनी पुस्तक चाळून विचारलं, “यात आमची सेकंड बटालियन कुठाय?” नाही, काका. जून १९४२ मध्ये लिबियातल्या टोब्रुकला दुसरी मराठा आणि स्कॉटिश दुसरी कॅमेरॉन हायलँडर्स एकाच ११व्या भारतीय ब्रिगेडमध्ये होत्या, पण ती ब्रिगेड या डिव्हिजनची नव्हे, म्हणून हे पुस्तक तिकडे फिरकतही नाही. एप्रिल १९४३ च्या ट्युनिशियातल्या वादी अकारितच्या लढाईत ५१वी आणि ४थी भारतीय डिव्हिजन एकाच सकाळी लढल्या. तिथे भारतीयांना एक वाक्य मिळालंय. काका नुसतं “हं” म्हणाले.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो नॉर्मंडीचा, एक शिवणीचा. जुनी, मूळ घडीच्या नकाशांची प्रत मिळाली तर तीच घ्या. माझी सध्या सुभेदार काकांकडे आहे, ट्रेसिंग पेपरसकट.