आठ महिने अरमंडीत: मोठ्यांच्या भरतनाट्यम वर्गाचा अनुभव

ठाण्यात आमच्या घराजवळ शनिवार-रविवारी सकाळी मोठ्यांसाठी भरतनाट्यमचा वर्ग भरतो. मी ४७ वर्षांची, दिवसभर खुर्चीत बसून काम. जायला लागून आठ महिने झाले, म्हणून आता लिहिते.

आधीच सांगते, इथे पहिले चार महिने फक्त तट्ट अडवू (अडवू म्हणजे नाचाचा मूळ पदन्यास). हात कमरेवर, तोंडाने ‘तै या तै’, आणि पाय आपटायचे. आठ प्रकार, प्रत्येक तीन काळांत: आधी सावकाश, मग दुप्पट, मग चौपट. माझ्याबरोबरच्या तिघींना गणपतीसाठी एखादं गाणं बसवून हवं होतं, त्या दुसऱ्याच महिन्यात गळाल्या.

शिकवणारी ताई माझ्या लेकीच्या वयाची. मला ‘काकू’ म्हणते, पण सूट कसली देत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, जमली की अरमंडी (गुडघे बाहेरच्या बाजूला वाकवून अर्धं बसणं)! तिने बाजूने काढलेला फोटो दाखवला: गुडघे पुढे, पाठीला पोक. लोकलमध्ये चौथ्या सीटवर कशीबशी टेकलेली बाईच जणू. मग तिने मला भिंतीला पाठ लावून खाली सरकवलं. ‘काकू, पावलांचं तोंड जिकडे, गुडघा तिकडेच. आणि ढुंगण मागे नाही टाकायचं.’ मांड्या लटलटायला लागल्या, पण गुडघा दुखला नाही. या एका गोष्टीसाठी महिन्याचे १,८०० रुपये मला वसूल वाटतात.

अधूनमधून गोष्टीही सांगते. आज कार्यक्रमात पहिल्या अलारिप्पू नाचापासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंत जो क्रम चालतो तो बसवणारे चार भाऊ तंजावरला सरफोजीराजांच्या दरबारी होते, म्हणजे आपल्या भोसल्यांकडे, हे मला इथेच कळलं.

तक्रार जमिनीची. सोसायटीचा हॉल, खाली कोबा आणि वर गुळगुळीत टाइल्स. पाय आपटून माझ्या नडग्या महिनाभर ठणकत होत्या. लाकडी फळ्यांचं विचारलं तर ‘बघू’, आणि तीन महिन्यांची फी मात्र आगाऊ. चुकलेला तास भरूनही मिळत नाही. नडगीचं दुखणं असेल तर आधी जमीन बघून या.

सध्या नाट्ट अडवू चालू आहे, ‘तैयुम तत्त तैयुम ता’. उजवा पाय लांब करून टाच टेकवली की माझी डावीकडची अरमंडी हळूच सुटते. परवा वाटलं, ताईचं लक्ष नाही. तेवढ्यात ठोकळ्यावर ताल धरणारी तिची काठी थांबली.